बाबांना किती शब्द कळतील?

ठाणे स्टेशनच्या पुलावर बाबांनी ‘सात’चं ‘आठ’ ऐकलं आणि आम्ही भलत्याच फलाटावर उतरलो. त्यांना उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. ‘स’चा बराचसा जोर ४००० हर्ट्झच्या वर, तो गळला की ‘आत’ उरतं, पुढचं डोकं जुळवून घेतं. नुसता आवाज वाढवून हे सुटत नाही. म्हणून श्रवणयंत्रातून ऐकलेल्या वाक्यातले किती शब्द त्यांना कळतील, याचा अंदाज सांगणारं छोटं मॉडेल (उदाहरणांवरून शिकणारा प्रोग्राम) केलं, घरच्याच लॅपटॉपवर, ग्राफिक्स कार्डाशिवाय.

आधी माप ठरवा: वाक्य ऐकवायचं, माणसाने ते परत म्हणायचं, बरोबर आलेले शब्द मोजायचे. ‘फलाट क्रमांक सातवर येणारी गाडी कल्याणला जाईल’ यात ‘आठवर’ म्हटलं तरी सातपैकी सहा, म्हणजे ८६ टक्के. गाडी चुकली ती चुकलीच! म्हणून सात-आठसारखे आकडे मी वेगळे मोजते.

शिकवायला २०२२च्या क्लॅरिटी प्रेडिक्शन चॅलेंजचा (ऐकणाऱ्याला किती शब्द कळतील, याचा अंदाज बांधायची स्पर्धा) डेटा घ्या. वाक्यं इंग्रजी आहेत, पण श्रवणयंत्राच्या प्रक्रियेतून गेलेला आवाज, ऐकणाऱ्यांचे ऑडिओग्राम (कोणत्या पट्टीचा आवाज किती मोठा केला की ऐकू येतो, त्याची नोंद) आणि त्यांची उत्तरं, तिन्ही मिळतात.

व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर लिहिणारं तयार मॉडेल; त्याच्या ‘बेस’ आवृत्तीचा फक्त एन्कोडर, म्हणजे आवाजाचे आकडे करणारा भाग वापरा, त्याला पुन्हा शिकवू नका. दर २० मिलिसेकंदांना तो ५१२ आकडे देतो. ते एकदाच काढून डिस्कवर ठेवा. वेळ वाचतो तो इथेच. त्यांची वाक्यभराची सरासरी आणि २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे ऑडिओग्रामचे सहा आकडे (१००ने भागून) एकत्र करा. पुढे ६४ न्यूरॉन्सचा एक थर, मग एक उत्तर. शिकवायचे आकडे जेमतेम ३३ हजार.

माझा आठवडा गेला तो सरासरीत. व्हिस्पर प्रत्येक तुकडा शांततेने भरून ३० सेकंदांचा करतो. पाच सेकंदांच्या वाक्याच्या पहिल्या २५० चौकटीच (२० मिलिसेकंदांची एक) कामाच्या, मी मात्र सगळ्या १५०० घेत होते. सगळी उत्तरं एकाच आकड्याभोवती घुटमळायची.

चाचणीसाठी माणसंही वेगळी ठेवा आणि वाक्यंही. तेच वाक्य दोन्हीकडे आलं, तर मॉडेल कान नाही, वाक्य ओळखायला शिकतं.

शेवटी बाबांना हेडफोनवर, मिक्सरच्या आवाजात, चाळीस मराठी वाक्यं ऐकवली. मॉडेलचे टक्के सरसकट जास्त आले, पण श्रवणयंत्राचं कोणतं सेटिंग बरं हा क्रम जुळला. मी क्रमच पाहते. एकविसाव्या वाक्याला बाबा म्हणाले, “आधी चहा टाक.”