पॉप-अप पुस्तक लेकराला दाखवताना

पान उघडलं की आतलं चित्र उभं राहतं, ते पॉप-अप पुस्तक. त्याचं पान हळू उघडा. बाकी सगळं नंतर. पान अर्धवट उघडलं की चित्र अर्धंच उठतं, आधी बैलाची शिंगं दिसतात, मग कान. लेकरू एकटक बघायला लागतं. तिथेच हात थांबवा आणि पुस्तकाकडे नाही, त्याच्या तोंडाकडे बघा. ते हुंकारेल, पाय झाडेल, हात पुढे करेल. मग उरलेलं पान उघडा. फटकन उघडलं तर तान्हं बाळ दचकतं, आणि मोठ्या लेकराला वाट बघायला काही उरत नाही.

मी हिंगणघाटकडच्या एका खेड्यात शिवणकाम करते. दिवाळीनंतर कापसाची वेचणी जोरात असली की गल्लीतल्या बाया सकाळीच वावरात जातात. त्यांची लहान लेकरं माझ्या नातीसोबत माझ्या ओसरीवर असतात. जेवणं झाली की मी मशीन बंद करते आणि पुस्तक काढते.

बसायचं असं: लेकराची पाठ आपल्या पोटाला टेकलेली, पुस्तक समोर आपल्या दोन्ही हातांत. अगदी नव्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचंच नीट दिसतं, म्हणजे एक ते दीड वीत. त्याला पुस्तक तिथेच धरा आणि एकच पान दाखवा. ठळक, मोठं चित्र निवडा. बारीक नक्षीचा त्याला उपयोग नाही. बाळाने मान फिरवली की पुस्तक मिटायचं. ‘बघ ना, बघ ना’ करत पुस्तक त्याच्या तोंडासमोर फिरवू नका. त्याचं बघून झालेलं असतं.

सहा महिन्यांनंतर सगळं मुठीत आणि मुठीतून तोंडात. या वयाला पुस्तक त्याच्या हाती एकट्याने द्यायचं नाही, पण हात लावू नको असंही म्हणायचं नाही. मी एका हातात चावायचं मोठं, स्वच्छ खेळणं देते. ते चावत चावत बाळ दुसऱ्या हाताने चित्राला थापटतं. पुस्तकावर मणी, टिकल्या, चमकी, बटणं असतील तर आधी काढून टाका. घशात अडकतात. आठ-नऊ महिन्यांच्या आसपास लेकराला कळायला लागतं की झाकलेली वस्तू गेलेली नसते, आतच असते. तेव्हा या पुस्तकाची खरी मजा सुरू होते. पान मिटा, ‘कुठे गेला बैल?’ विचारा, थांबा, उघडा. तेच पान परत परत मागतील. परत परत दाखवा.

वर्षाचं झालं की बोट दाखवतं. त्या बोटाच्या मागे जा. तुम्हाला गोष्ट पुढे न्यायची असते आणि ते कोपऱ्यातल्या कोंबडीवर अडलेलं असतं. मग कोंबडीचंच बोलायचं. झाकण उचलायचं, पट्टी ओढायची कामं आता त्याला द्या. पट्टी ओढताना आपलं बोट त्याच्या बोटासोबत ठेवा, म्हणजे जोर किती लावायचा ते हाताला समजतं.

शेजारची सून मला म्हणते, “काकू, महागाचं पुस्तक हाये, फाडून टाकते न पोट्टं!” मी म्हणते, “फाडू दे वं माय, चिटकवू.” ही पुस्तकं आजही माणसं हातानेच जोडतात, घडी घालून, गोंद लावून. म्हणून ती घरी दुरुस्तही होतात. घडीवर फाटलं तर सेलोटेप लावू नका, ती घडी धरत नाही आणि पुढे पिवळी पडते. बकरमची (कॉलरीत घालतात ते कडक कापड) किंवा पातळ सुती कापडाची बोटभर पट्टी मागून चिकटवा आणि ओली असतानाच एकदा घडी घालून बघा. दुरुस्ती लेकरासमोर करा. पट्टी दाबून धरायला त्याचा हात घ्या. फाटल्याबद्दल रागावलात तर ते पुस्तकाला भिईल.

विकतचं पुस्तक मिळत नसेल तर घरी करा. लग्नपत्रिकेसारखा जाड कागद ३० सेंटिमीटर लांब, २० सेंटिमीटर रुंद कापा. मधोमध घडी घातली की १५-१५ सेंटिमीटरची दोन पानं होतात. आता कागद मिटलेला ठेवून घडीच्या कडेपासून आत, मध्यभागी, एकमेकांपासून ३ सेंटिमीटरवर, ४ सेंटिमीटर लांबीचे दोन सरळ काप द्या. मधली पट्टी पुढेमागे दुमडून मऊ करा आणि कागद उघडून ती आत ढकला. पान काटकोनात उघडलं की छोटी पायरी उभी राहते. तिच्या समोरच्या उभ्या बाजूला चित्र चिकटवायचं, पाय पायरीच्या खालच्या कडेला जुळवून. गोंद खालच्या आडव्या पानाला लागू देऊ नका.

माप असं धरा: कापाची लांबी आणि चित्राची उंची मिळून पानाच्या लांबीपेक्षा कमी हवी. ४ आणि १० मिळून १४, पान १५ चं. मग पुस्तक मिटल्यावर शिंगं बाहेर येत नाहीत. मागून दुसरा कागद लावला तर भोक झाकतं, फक्त ढकललेल्या पट्टीला गोंद चुकवायचा.

पहिलं चित्र मी बैलाचंच काढायला सांगते. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लेकरं चाकाचा लाकडी नंदी ओढत घरोघर जातात. त्यामुळे बैल उभा राहिला की शिकवावं लागत नाही, ‘हर बोला हर हर महादेव’ आपोआप निघतं.

चिकटवायला मैद्याची खळ चालते. बाइंडिंगवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, तोंडात घालणाऱ्या लेकराच्या पुस्तकात अजिबात नको. साध्या खळीला कसर लागते, म्हणून ती पातळ लावा, उन्हात कडक वाळवा, पावसाळ्यात पुस्तक डब्यात ठेवा. स्टेपलरची पिन कुठेच नको. उन्हाळ्यात पुस्तक कूलरसमोर ठेवू नका, ओलसर वाऱ्याने कागद लुळा पडतो आणि चित्र उभं राहत नाही.

पुढच्या पानावर काय उभं करायचं ते लेकरालाच विचारा. नातीने ट्रॅक्टर सांगितला. तो आडवा लांब, म्हणून दोन कापांमधलं अंतर ३ चं ६ सेंटिमीटर केलं. कापाची लांबी तीच ठेवली.