शिकवणी, स्कॉलरशिप आणि मायनस नंबर: पोराच्या दिवसाची आखणी

साताऱ्यात चौथी-पाचवीला स्कॉलरशिप, नवोदय, सैनिक स्कूलची तयारी सुरू होते आणि मायनस नंबरही साधारण याच वयात लागू लागतो. ‘हुशार पोरांनाच चष्मा’ हे अगदीच थट्टेवारी नाही. ब्रिटनमधल्या जनुकीय माहितीवरच्या 2018 च्या अभ्यासात शिक्षणाच्या दर जादा वर्षामागे सरासरी 0.27, म्हणजे पाव नंबर मायनसकडे सरकलेला दिसला. त्यात सैनिक स्कूलच्या मेडिकलमध्ये डोळेही तपासतात. तयारीपायी मैदान बंद करणं हा उलटाच हिशेब.

मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिमी लांब. वाढत्या वयात ही लांबी 1 मिमी जादा झाली की अडीच-तीन मायनस नंबर येतो, आणि ती परत कमी होत नाही. म्हणून खरी मेहनत चष्मा लागण्याआधीची.

रोज दोन तास उघड्यावर. वर्गात उजेड 300 ते 500 लक्स (उजेडाचं माप), बाहेर झाडाच्या सावलीतही हजारोंत. त्या उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन नावाचं रसायन सुटतं आणि लांबी वाढायला आळा बसतो, असं मानतात. हॉलमधलं बॅडमिंटन यात धरू नका. चीनमध्ये ग्वांगझूच्या शाळांत पहिलीपासून रोज 40 मिनिटं जादा बाहेर काढली, तर तीन वर्षांत नव्यानं नंबर लागलेली मुलं 39.5 ऐवजी 30.4 टक्के निघाली.

दोन तास सलग मिळणार नाहीत, तुकडे जोडा: शाळेत चालत जाणं-येणं, मधल्या सुट्टीत डबा मैदानात, साडेचार ते सहा खेळ. शिकवणी दिवे लागल्यावरची घ्या. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. एप्रिलमध्ये सकाळी लवकर, टोपी घालून. जुलैच्या झडीत उघडीप मिळाली की बाहेर पिटाळा. ढगाळ आभाळाचा उजेडही ट्यूबलाइटच्या कितीतरी पट असतो.

वाचताना मूठ हनुवटीला लावून कोपर पुस्तकावर टेकेल एवढं अंतर ठेवायचं. झोपून वाचणं बंद. अर्ध्या तासानं उठून गच्चीवरून अजिंक्यताऱ्याकडे बघू द्या. ऑनलाइन तास मोबाइलऐवजी टीव्हीवर लावा. मोबाइल हळूहळू नाकाशी येतो.

महिन्यातून एकदा एक डोळा तळहातानं (न दाबता) झाकून, दहा फुटांवरच्या कॅलेंडरमधली बारीक अक्षरं वाचायला लावा, मग दुसरा. पोर डोळे बारीक करतं, फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या आणि थेंब घालूनच तपासून घ्या. थेंबाशिवाय मुलाचा डोळा ताण घेतो आणि खोटा मायनस निघतो. नुसत्या कॉम्प्युटरच्या नंबरावर चष्मा करू नका.

नंबर लागलाच तर पूर्ण नंबराचा चष्मा. ‘थोडा कमी द्या, वाढायचा नाही’ हा आग्रह चुकीचा. त्यानं नंबर थांबत नाही. गाजरानं किंवा डोळ्यांच्या व्यायामानं लागलेला नंबर जात नाही. वाढ मंदावायला डॉक्टर 0.01 ते 0.05 टक्के अॅट्रोपिनचे थेंब किंवा खास काचा देतात, दर सहा महिन्यांनी तपासणी. मेडिकलमधलं 1 टक्क्याचं अॅट्रोपिन मात्र स्वतःहून आणून घालू नका: त्यानं उजेड सोसत नाही, जवळचं पुसट होतं आणि पोर पुन्हा घरातच बसतं.