कांदा, पिस्ता कलर आणि पेंद्या: कवितेतल्या नावाचा माग कसा काढायचा

मागच्या महिन्यात भाची टेस्टचा अभ्यास करत होती आणि मी शेजारी बसून कांदे निवडत होते, तिने विचारलं मावशी कांद्याचं कुळ कोणतं गं, मी मान वर न करता म्हटलं लिलिएसी, आमच्या बीएस्सीला तेच होतं. तिने तेच लिहिलं आणि मार्क गेला. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. कारण 2009 च्या नव्या वर्गीकरणापासून कांदा, लसूण सगळे अमरिलिडेसी कुळात गेलेत. आणि या कुळाला ज्या फुलावरून नाव पडलं ते अमरिलिस म्हणजे काय तर एका मुलीचं नाव! थिओक्रिटस नावाचा ग्रीक कवी, इसवी सनाच्या आधीचं तिसरं शतक, त्याच्या कवितेत एक शेळ्या राखणारा तिच्या गुहेबाहेर उभा राहून आळवणी करतो, मग व्हर्जिल या रोमन कवीच्या कवितेत एक मेंढपाळ सावलीत पडून सगळ्या रानाला तिचं नाव घुमवायला शिकवतो. म्हणजे लासलगावला ज्याचे लिलाव होतात तो आपला कांदा कागदोपत्री या पोरीच्या घराण्यातला.

तेव्हापासून मला नादच लागलाय. एखादं नाव गुराख्यांच्या कवितेतून सटकून बाजारात कसं येतं हे शोधायचं असेल तर काय करायचं ते सांगते, मी करते तसं.

सुरुवात परक्या शब्दाने करू नका, घरातला घ्या. पेंद्या घ्या. गवळणीत आणि काल्याच्या अभंगात कृष्णाचा लंगडा सवंगडी, तमाशातल्या गवळणीतपण कृष्ण, मावशी आणि पेंद्या असतोच. आणि घरात? भाऊ हातातून ताट पाडतो तेव्हा आई म्हणते, "अरे पेंद्या, नीट धर की!" तिला त्या क्षणी गोकुळ आठवत नसतं. पहिली टेस्ट हीच, कविता माहीत नसतानाही शब्द चालतो का बघायचं. इंग्रजीवाल्यांना सोपं आहे, पहिलं अक्षर बारीक झालं की कळतं नावाचा शब्द झाला, आपल्या देवनागरीत मोठं-बारीक अक्षर नाहीच त्यामुळे आपण व्याकरण बघायचं. 'एक नंबरचा पेंद्या' म्हणता येतं का, 'पेंद्यागिरी' होते का, झाली की समजा नाव सुटलं. अजून एक खूण म्हणजे सामान्यरूप, प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं ते. शाळेत आमच्या वर्गात सुदामा होता, आम्ही 'सुदामाचा डबा' म्हणायचो, पण पोहे मात्र 'सुदाम्याचे'. म्हणीत नाव घोड्यासारखं वाकतं (घोडा, घोड्याचे), जिवंत माणसाचं ताठ राहतं. याच्यावर फार विसंबू नका, पूर्वी माणसांची नावंपण वाकवायचे, रामाने, गोविंदाने वगैरे.

आता खरी मेहनत इथे आहे, बाण कुठल्या दिशेला? नावावरून शब्द आला की शब्दावरून नाव पडलं? पेंद्याबरोबर वाकड्या आणि बोबड्या पण असतात ना, त्यांची नावं तर सरळ सरळ शब्दांवरूनच पडलीत. मग पेंद्याचं काय? याला उपाय एकच, जुने कोश तारखेच्या क्रमाने उघडायचे. मोल्सवर्थ 1831 चा आणि 1857 ची दुसरी आवृत्ती, नंतर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, 1932 ते 1938. मोल्सवर्थ ऑनलाइन फुकट आहे, पण मी आधी सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात जाते, 1840 सालचं वाचनालय आहे आपलं, वापरा की जरा. कोशात आधी व्यंगाचा अर्थ आहे का सवंगड्याचं नाव, दोन्ही असतील तर कुठला जुना, हे वहीत लिहायचं. मग संस्कृत भागवत बघायचं, तिथे श्रीदामा, सुबल, स्तोककृष्ण असे गोप आहेत, आपली ही वाकडी-बोबडी गँग इकडची, मराठी कवींच्या गोकुळातली.

पुढची पायरी, मधली वस्तू शोधा. नाव हवेतून बाजारात येत नाही, कुठल्या तरी चिजेला चिकटून येतं. घराला रंग काढला तेव्हा कॉलेज रोडच्या दुकानात शेड कार्ड चाळत होते, एका फिकट करड्या-हिरव्या चौकोनाखाली लिहिलेलं 'सेलाडॉन'. पेंटरने एक नजर टाकली आणि म्हणाला, "मॅडम, पिस्ता आहे हा." तर सेलाडॉन हा ओनोरे द्युर्फे या फ्रेंच लेखकाच्या लांबलचक मेंढपाळी प्रेमकथेचा नायक, पहिला भाग 1607 चा. प्रेयसी हाकलून देते म्हणून हा नदीत उडी मारतो (मरत नाही). त्याच्या हिरव्या फितींची फॅशन आली, फितीवरून रंगाला नाव पडलं आणि मग त्या रंगाच्या चिनी भांड्यांना. भांडी तर चीनमध्ये कितीतरी शतकं आधीपासून बनत होती, झिलईत थोडं लोखंड आणि भट्टीत हवा कमी, की तो हिरवा येतो, त्या कुंभारांना या पोराचं नाव माहीत असायचं कारणच नाही. आणि पेंटरचा मुद्दा पण बघा, आपल्याकडे पिस्ता, पोपटी, शेवाळी असताना सेलाडॉनला बसायला जागाच नाही. फ्रान्समध्ये जागा मोकळी होती.

सिफिलिस या रोगाचंही तेच झालं. फ्राकास्तोरो, वेरोनाचा वैद्य आणि कवी, 1530 मध्ये त्याचं लॅटिन काव्य आलं, त्यात सिफिलस नावाचा मेंढपाळ दुष्काळाला वैतागून सूर्याला शिव्या देतो आणि सूर्य त्याला नवा रोग लावतो. त्या काळी फ्रेंच म्हणायचे हा नेपल्सचा रोग, इटलीवाले म्हणायचे फ्रेंचांचा, त्याच्या काव्याच्या नावातपण 'फ्रेंच रोग' आहेच, पण शेवटी टिकलं मेंढपाळाचं नाव. आपल्याकडे भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात 'फिरंग' आणि बोलण्यात 'गरमी', म्हणून सिफिलिस फक्त डॉक्टरच्या तोंडी राहिला.

व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या गोष्टींपासून सांभाळा. सेलाडॉन म्हणजे संस्कृत 'शिलाधर' असं कोणीतरी पाठवतंच, ऐकायला झकास आहे पण ती मधली हिरवी फीत त्यात कुठेच नाही. अमरिलिसने बाण छातीत मारून घेतला आणि रक्तातून फूल उगवलं, हे थिओक्रिटसमध्ये नाही आणि व्हर्जिलमध्येही नाही. फुलाला ते नाव 1753 मध्ये लिनीअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने दिलं, टेबलाशी बसून.

बरं, गंगापूर रोडला नर्सरीत अमरिलिस म्हणून लाल मोठ्या फुलाचा जो कांदा मिळतो तो बहुतेक वेळा दक्षिण अमेरिकेतला हिप्पिअ‍ॅस्ट्रम असतो, खरी अमरिलिस आफ्रिकेची. मी नर्सरीवाल्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, ताई, कांदा लावा, फूल येईल.