पोस्टग्रेसची टेस्ट फक्त तुमच्याच मशीनवर पडते तेव्हा काय करायचं

‘रिझल्ट्स फोल्डरमधली फाइल उचल, एक्स्पेक्टेडमध्ये टाक, टेस्ट हिरवी.’ म्हणजे तुमच्या मशीनने दिलेलं उत्तरच ‘बरोबर उत्तर’ म्हणून ठेवून द्यायचं. कॉलेज रोडला चहा पिता पिता एकाने मला हा सल्ला दिला होता आणि मी तो ऐकला, ही माझी चूक. आता कोणी पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस सोर्सवरून बिल्ड करताना अडकून माझ्याकडे आलं की मी आधी विचारतो, कोणाकोणाचं ऐकून झालंय? उत्तरं ठरलेली. मेक क्लीन मारून परत केलं, डिस्ट्रो बदलून बघितली, एक व्हर्जन खाली घेतलं. ताप कशाने आलाय ते न बघताच गोळ्या देणं चाललेलं असतं सगळं.

मी कसं करतो ते सांगतो. सोर्स उतरवणं, कंपायलर टाकणं हे तुम्हाला येतं असं धरलंय. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजीत टाका.

स्टेप १. कॉन्फिगर (बिल्डआधी मशीन तपासणारी स्क्रिप्ट) पडलं तर कॉन्फिग डॉट लॉग उघडा, पण शेवटच्या ओळी वाचू नका. शेवटी नुसती व्हेरिएबलांची जंत्री असते, खरी एरर तिच्या बरीच वर असते. बहुतेक वेळा रीडलाइन, झेडलिब नाहीतर आयसीयू (भाषेप्रमाणे अक्षरांचा क्रम लावणारी लायब्ररी) यांची हेडर फाइल नसते, म्हणजे लायब्ररी आहे पण तिचं डेव्हलपमेंट पॅकेज नाही (उबंटूवर नावाच्या शेवटी डेव्ह, फेडोरावर डेव्हल). व्हर्जन १६ पासून आयसीयू मुळातच लागतं, आणि नसलं तर कॉन्फिगर स्वतःच सुचवतं की विदाउट-आयसीयू द्या. देऊ नका. का ते खाली येईलच. १७ पासून टारबॉलमध्ये (सोर्सच्या गठ्ठ्यात) बायसन-फ्लेक्स या टूल्सनी तयार केलेल्या फाइल्स येत नाहीत, त्यामुळे १६ बिनबोभाट झालं आणि १७ पडलं तर आधी बायसन, फ्लेक्स आणि पर्ल आहे का बघा. विंडोजवाल्यांनो, १७ मध्ये जुन्या एमएसव्हीसी स्क्रिप्ट काढून टाकल्यात, तिथे आता मेसॉन हीच बिल्ड सिस्टिम.

स्टेप २. मेक पडलं तर जे-आठ (एका वेळी आठ जॉब) वगैरे काढून एका जॉबने परत चालवा, एरर एका जागी दिसेल. बीएसडीवर मेकऐवजी जीमेक चालवा.

स्टेप ३. मेक चेक (टेस्ट चालवणारी कमांड) सुरूच होत नाही. कंटेनरमध्ये असाल तर नव्याण्णव टक्के तुम्ही रूट आहात, पोस्टग्रेस रूट म्हणून चालत नाही, साधा युजर बनवा. मॅकवर असाल तर सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन लायब्ररीचा पाथ टेस्टपर्यंत पोहोचूच देत नाही, म्हणून आधी मेक इन्स्टॉल आणि मग मेक चेक. यावर भाच्याचा एक अख्खा रविवार गेला होता, उपाय मात्र एका ओळीचा.

स्टेप ४. आता खरं काम. टेस्ट चालल्या आणि त्यातल्या दोन-चार पडल्या.

सोर्सच्या टेस्ट-रिग्रेस फोल्डरमध्ये रिग्रेशन डॉट डिफ्स नावाची, फरकांची (डिफची) फाइल तयार होते (मेसॉनने केलं असेल तर बिल्ड फोल्डरात टेस्टरन खाली शोधा). ती वाचायची, पूर्ण वाचायची. वजाची ओळ म्हणजे अपेक्षित, अधिकची ओळ म्हणजे तुमच्या मशीनने दिलेली. आणि सगळ्यात वरची ओळ बघायला विसरू नका, कारण एका टेस्टला एकाहून जास्त अपेक्षित फाइल्स असू शकतात, नावाच्या शेवटी अंडरस्कोर आणि एक आकडा लावलेल्या, आणि टेस्ट पडली तर डिफ दाखवला जातो तो त्यातल्या सगळ्यात जवळच्या फाइलशी. लोक मूळ फाइल उघडून बसतात आणि म्हणतात डिफ जुळत नाही राव. अरे ती फाइलच वेगळी आहे.

आता फरक कसला आहे ते बघा. आकड्याच्या शेवटच्या काही अंकांत असेल तर तो फ्लोटिंग पॉइंटचा. १२ व्हर्जनपासून फ्लोट छापायची पद्धतच बदलली, त्यामुळे एखाद्या जुन्या एक्स्टेन्शनची (पोस्टग्रेसला जोडायच्या पुरवणीची) अपेक्षित फाइल त्याआधीची असेल तर ती पडणारच, टेस्टमध्ये एक्स्ट्रा-फ्लोट-डिजिट्स शून्य करा आणि पुढे चला. वेळेत फरक असेल तर घड्याळ तपासत बसू नका, टेस्ट मुद्दाम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या टाइमझोनमध्ये चालतात, नाशिकच्या साडेपाच तासांचा तिथे काही संबंध नाही. मात्र बिल्ड करताना सिस्टिमचा टाइमझोन डेटा वापरायला सांगितला असेल आणि तो २०२४बी किंवा नंतरचा असेल तर पोस्टग्रेसच्या जुन्या मायनर व्हर्जनांच्या टेस्ट पडू शकतात, कारण त्या रिलीजमध्ये पीएसटी८पीडीटी हे, टेस्ट वापरत होत्या त्या टाइमझोनचं नाव लॉस अँजेलिसचं टोपणनाव झालं. नवीन मायनर व्हर्जन घ्या, संपलं.

ओळी त्याच आहेत पण क्रम वेगळा, असं असेल तर मात्र सावकाश घ्या. मी इथेच बुडालो होतो.

एका ओळखीच्या वितरकासाठी मी छोटं एक्स्टेन्शन लिहिलं होतं, ग्राहकांच्या पत्त्यांतली भागांची नावं साफ करायची आणि यादी लावून द्यायची. नावं ऑपरेटर पोरांनी टाइप केलेली, अर्धी इंग्रजीत, पंचवटी आणि सातपूर कॅपिटलने सुरू, सिडको आणि देवळाली सगळं स्मॉलमध्ये. माझ्या उबंटूवर, लोकेल (भाषा आणि देशाचं सेटिंग) इंग्रजी भारत, क्रम यायचा सिडको, देवळाली, पंचवटी, सातपूर. इंग्रजी अक्षरांप्रमाणे बरोबरच आहे. वितरकाकडे अल्पाइन नावाच्या लिनक्सचा कंटेनर होता, तिथे पंचवटी, सातपूर आधी आणि सिडको, देवळाली तळाला, कारण अल्पाइनची मसल नावाची सी लायब्ररी लोकेल काहीही सांगा, बाइटचा क्रमच लावते, आणि कॅपिटल अक्षरांचे नंबर स्मॉलच्या आधी येतात. मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की तिकडे लाल.

मग तो चहावरचा सल्ला. कंटेनरचा रिझल्ट एक्स्पेक्टेडमध्ये टाकला तर लॅपटॉप लाल. म्हणून ‘हुशारी’ केली, कंटेनरचा रिझल्ट अंडरस्कोर एक नावाने दुसरी अपेक्षित फाइल म्हणून ठेवला. दोन्हीकडे हिरवं! लई भारी वाटलं. पुढे काही महिन्यांनी मी सी कोडमध्ये बदल करताना कोलेशन (क्रम लावायचे नियम) बघणारं फंक्शन काढून तिथे नुसतं स्ट्रकंप (फक्त बाइट ताडून बघणारं) टाकलं, म्हणजे आता माझ्या लॅपटॉपवरसुद्धा बाइटचा क्रम यायला लागला, म्हणजे सरळ सरळ बग, आणि टेस्ट? हिरवी. कारण चुकीचं उत्तर अंडरस्कोर एकच्या फाइलशी तंतोतंत जुळत होतं. तो बग पकडला वितरकाच्या गोडाऊनमधल्या माणसाने, ‘साहेब, सिडकोची गिऱ्हाईकं यादीतून उडाली का?’ उडाली नव्हती, तिसऱ्या पानावर गेली होती.

म्हणून माझं ठाम मत आहे. फरकाची प्रत्येक ओळ का आली ते तोंडाने सांगता येत नाही तोवर अपेक्षित फाइलला हात लावायचा नाही.

तपासायचं असं. आधी टेस्टमधली क्वेरी बघा, ऑर्डर बाय आहे का? नसेल तर डेटाबेस कुठलाही क्रम द्यायला मोकळा आहे, आजवर नीट येत होतं ते टेबल लहान होतं म्हणून. ऑर्डर बाय टाका, विषय मिटला. ऑर्डर बाय आहे आणि तरी क्रम वेगळा, तर मेक चेकच्या पुढे नो_लोकेल बरोबर १ लावून चालवा. स्वतःचं एक्स्टेन्शन असेल तर मेक चेक चालणार नाही, तिथे मेक इन्स्टॉल करून मेक इन्स्टॉलचेक लागतं, ते आधीच चालू असलेल्या सर्व्हरवर चालतं आणि त्या सर्व्हरचं कोलेशन घेतं, म्हणून मेकफाइलमधल्या रिग्रेस_ऑप्ट्समध्ये डॅश डॅश नो-लोकेल द्या. हे केल्यावर हिरवं झालं तर चोर सापडला, कोलेशन. पण तिथेच थांबू नका. हा थर्मामीटर आहे, औषध नाही.

औषध दोन प्रकारचं. टेस्ट क्रमाबद्दल नाहीच, क्रम फक्त ओळी स्थिर राहाव्यात म्हणून लावलाय, तर ऑर्डर बायच्या पुढे कोलेट “सी” (म्हणजे बाइटचा क्रम) स्पष्ट लिहा. सगळ्या प्लॅटफॉर्मवर एकच उत्तर. पण टेस्ट क्रमाबद्दलच असेल तर “सी” लावून हिरवं करणं म्हणजे परत तीच कॉपी-पेस्टची चूक, फक्त इस्त्री केलेली. माझंच बघा. नावं पुढे मराठीत आली, मी सगळीकडे “सी” लावलेलं, सगळ्या मशीनवर हिरवं, आणि यादीत गोल्फ क्लब, गोळे कॉलनी, गोविंदनगर. बरोबर वाटतंय? शाळेतली वर्णमाला म्हणा, ळ येतो ह च्या नंतर. म्हणजे गोल्फ क्लब, गोविंदनगर, मग गोळे कॉलनी. युनिकोडमध्ये मात्र ल ०९३२, ळ लगेच ०९३३, आणि व ०९३५, बाइटच्या क्रमात ळ पुढे घुसणारच. चारही मशीनवर टेस्ट हिरवी आणि चारही मशीन एकमताने चूक.

इथे आयसीयू कामाला येतं, म्हणून वर म्हटलं विदाउट-आयसीयू देऊ नका. १६ पासून क्रिएट कोलेशनमध्ये रूल्स देता येतात. प्रोव्हायडर आयसीयू, लोकेल यूएनडी, आणि रूल्समध्ये ‘&ह < ळ’, एवढंच. ते कोलेशन ऑर्डर बायमध्ये नाव घेऊन वापरा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या सी लायब्ररीला काय वाटतं याच्याशी मग घेणं देणं नाही, अल्पाइनवरही गोळे कॉलनी जागेवर. कोणी आयसीयूशिवाय बिल्ड केलं असेल तर टेस्टने सुरुवातीलाच ते तपासून बाहेर पडावं, आणि त्या बाहेर पडण्याच्या आउटपुटची फाइल अंडरस्कोर एक म्हणून ठेवावी. दुसरी अपेक्षित फाइल असते ती यासाठी, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या आयसीयू कोलेशनच्या टेस्टमध्येही हेच केलंय.

आणि हे फक्त टेस्टपुरतं आहे असं समजू नका. ऑगस्ट २०१८ मध्ये जीलिबसी (बहुतेक लिनक्सवरची सी लायब्ररी) २.२८ आली आणि लिनक्सवरचा क्रमच बदलला. ‘१-१’ आणि ‘११’ इंग्रजी आकड्यांत लिहून यूएस इंग्रजी यूटीएफ-८ लोकेलमध्ये सॉर्टला द्या, जुन्या मशीनवर ११ आधी येतं, नव्यावर १-१ आधी. ज्यांनी ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड करून जुनी डेटा डिरेक्टरी तशीच लावली त्यांचे टेक्स्टवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेले आणि शोध नव्या क्रमाने, म्हणजे ओळ टेबलात आहे पण क्वेरीला सापडत नाही. रीइंडेक्स करायला लागतं. त्यापुढे टेस्ट लाल होणं परवडलं.

स्टेप ५. एकदम पंधरा-वीस टेस्ट पडल्या आणि सगळीकडे कनेक्शन अचानक तुटल्याचा मेसेज. पंधरा बग नाहीत, एकच सर्व्हर क्रॅश झाला आणि त्या वेळी चालू असलेला सगळा ग्रुप सोबत गेला. डिफ सोडा, लॉग फोल्डरमधली पोस्टमास्टर डॉट लॉग उघडा आणि सिग्नलने बंद पडल्याची पहिली ओळ शोधा, पहिलीच. सिग्नल ११ म्हणजे सेगफॉल्ट (मेमरीत नको तिथे हात घातला), ६ म्हणजे बहुधा असर्शन (कोडमधलीच एखादी तपासणी फसली), ९ म्हणजे बहुतेक मेमरी संपली म्हणून कर्नलने मारलं. ९ असेल तर कोडमध्ये काही शोधू नका. रिग्रेशन टेस्ट एका वेळी वीसपर्यंत स्क्रिप्ट चालवतात, प्रत्येकीचा एक क्लायंट आणि एक सर्व्हर प्रोसेस, म्हणजे चाळीस. रास्पबेरी पायवर हे झेपत नाही, मॅक्स_कनेक्शन्स बरोबर ५ वगैरे देऊन चालवा. मीही त्या पायवर दोन रात्री गदारोळ घातला होता, शेवटी बग होता एक जीबी रॅम.

स्टेप ६. कधी पडते कधी नाही. टॅप टेस्ट (पर्लमध्ये लिहिलेली) असेल तर टाइमआउट बघा, मुळात १८० सेकंद असतो, पीजी_टेस्ट_टाइमआउट_डिफॉल्ट वाढवा. आणि रात्री एसएसएचने टेस्ट लावून लॉगआउट करून झोपायला जात असाल तर सकाळी शेअर्ड मेमरी सेगमेंट सापडत नाही असल्या एरर दिसतील, कारण सिस्टिमडी साध्या युजरने पूर्ण लॉगआउट केलं की त्याची शेअर्ड मेमरी झाडून टाकते. लॉगिनडीच्या कॉन्फिगमध्ये रिमूव्हआयपीसी नो करा, सर्व्हिस रीस्टार्ट करा, मग झोपा.