सातव्या महिन्यानंतरची तयारी कशी करावी

डोहाळजेवण झालं की आमच्या पाटण-जावळीकडे लेक माहेरी निघते. २८ आठवडे पूर्ण होतात, शेवटची तिमाही लागते आणि नेमका तेव्हाच दवाखानाही बदलतो. म्हणून पिशवीत साड्यांच्या आधी माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि रक्तगटाचा कागद ठेवा. माहेरी पोचलात की आशाताईंकडे नाव नोंदवा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. ती चुकवू नका.

मग रोजचं काम, बाळाची हालचाल मोजणं. जेवण झालं की डाव्या कुशीवर निवांत पडा आणि पोटावर हात ठेवा. लाथ, ढुशी, वळवळ, सगळं धरा. माझी लेक उशाशी दोन वाट्या ठेवायची. बाळ हललं की घेवड्याचा एक दाणा या वाटीतून त्या वाटीत. दोन तासांत दहा दाणे व्हायला हवेत. बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी होतात. दहा भरले नाहीत किंवा नेहमीपेक्षा हालचाल मंदावली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. ‘दिवस भरत आले की बाळ कमी हलतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

छातीत जळजळ, पायात गोळे, रात्री चार वेळा लघवीला उठणं, हे चालायचंच. थोडं थोडं पण चार-पाच वेळा खा. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नका. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

पाय संध्याकाळी सुजतात, सकाळी उतरतात. पण तोंड-हात सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे अंधुक झालं, तर लगेच रक्तदाब तपासा. १४०/९० किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका.

खोट्या कळा कूस बदलली, थोडं चाललं की थांबतात. खऱ्या वाढत जातात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं. पाणी गेलं किंवा अंगावर रक्त गेलं, तर कळांची वाट बघू नका. ३७ आठवड्यांच्या आत कळा आल्या तरी तसंच निघा. ‘आठव्यातलं जगत नाही’ हा समज खोटा आहे. वेळेत पोचलं तर अशी बाळं वाचतात.

गाडीसाठी १०२ किंवा १०८, दोन्ही मोफत. तारीख पावसाळ्यातली असेल आणि वाडी डोंगरावर, तर आठवडाभर आधीच खाली दवाखान्याजवळच्या पाहुण्यांकडे येऊन राहा. गाववाल्या जीपचा नंबर दारामागे खडूने लिहा, आणि अंगणात कुठे उभं राहिलं की रेंज येते, तेही.