कॅल्क्युलेटरवर तुटकं वर्तुळ जोडलं

टीआय-८४ प्लस या आलेख काढणाऱ्या कॅल्क्युलेटरच्या नेहमीच्या फंक्शन मोडमध्ये समीकरण 'वाय बरोबर अमुक' असंच द्यावं लागतं. म्हणजे लेकीच्या होमवर्कमधलं एक्स² + वाय² = ९ तिथे सरळ घालायची सोयच नाही. वायसाठी सोडवून दोन तुकडे केले: वाय१ मध्ये √(९ − एक्स²), वाय२ मध्ये −वाय१. हे उणे चिन्ह खालच्या, कंसातल्या उणेच्या बटणाचं. वजाबाकीचं दाबलंत तर सिंटॅक्स एरर ठरलेली.

स्टँडर्ड झूमला वर्तुळ आडवं फाकलेलं दिसलं, कारण स्क्रीनच रुंद. झेड-स्क्वेअर (दोन्ही अक्षांचं माप सारखं करणारा झूम) केल्यावर गोल झालं खरं, पण डावी-उजवी टोकं उघडीच. गणित चोख होतं. कॅल्क्युलेटर एकेका उभ्या रांगेसाठी एक्सची एकच किंमत घेतो. इथे ती २.९ च्या आसपास येऊन पुढची थेट ३.२ वर उडी मारते, जिथे वर्गमूळच निघत नाही. नेमका ३ मधल्या मध्ये सुटतो.

झेड-डेसिमल निवडलं. त्यात एक्स −४.७ ते ४.७, पाऊल बरोबर ०.१ चं. ३ सापडला, टोकं जुळली आणि आकारही गोलच राहिला. मोठ्या त्रिज्येला मात्र हे पुरत नाही, कारण वाय ३.१ लाच संपतो.

उरली असमानता, एक्स² + वाय² < ९. ड्रॉ मेनूतल्या शेडला आधी खालचा अर्धा, मग वरचा दिला की आतला भाग भरतो. विंडो बदलली की ते रंगकाम पुसलं जातं, पुन्हा करायचं. 'पेक्षा लहान'साठी लागणारी तुटक कड काही तिथे मिळत नाही, ती वहीतच काढायला सांगितली.