वायरचं नेट बंद पडलं? डबा बदलण्याआधी या चुका टाळा

"मले वाटलं डबाच जळला जी, म्हणून नवीन आणला. तरी बी नेट येऊन नाही राहिलं."

मे महिन्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून काकाजींचा हा फोन आला. समोरच्या खोलीत फायबरचा डबा, म्हणजे राउटर, तिथून लॅनची वायर भिंतीच्या बाहेरून मागच्या खोलीत, आणि तिथे मुलीचा कॉम्प्युटर. मोबाइलवर वायफाय व्यवस्थित चालू, फक्त कॉम्प्युटरला नेट नाही. म्हणजे डबा ठीक होता हे फोनवरच कळत होतं, पण तोवर नव्या डब्याचे पैसे देऊन झाले होते.

जाऊन पाहिलं. मागच्या खोलीच्या खिडकीत कुलर, आणि ज्या भोकातून कुलरची वायर गेली त्याच भोकातून लॅनची वायर आत घेतलेली. कुलरचं पाणी वायरीवर उडायचं, उतारानं वायर धरून आत यायचं आणि थेट कॉम्प्युटरच्या मागच्या कनेक्टरपर्यंत पोचायचं. कनेक्टर काढून उजेडात धरला तर आठ पिनांपैकी तीन पिनांवर हिरवा थर. कनेक्टर कापला, वीतभर वायर कापली, आतलं तांबं काळं. आणखी वीतभर कापली तेव्हा लाल, चकचकीत तांबं दिसलं. तिथे नवा कनेक्टर बसवला आणि पोर्टचा दिवा लागला.

खिडकीबाहेर वायर भोकाच्या खाली टीचभर लोंबती ठेवली, झोळीसारखी. आता पाणी त्या झोळीच्या तळाशी ठिबकतं, आत येत नाही. बाहेरून घरात येणारी कुठलीही वायर अशीच घ्यावी.

दिवा पाहिल्याशिवाय सेटिंगला हात लावू नका

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. नेट गेलं की लोक कॉम्प्युटरची सेटिंग उघडतात, कोणीतरी सांगितलेला आयपी, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कमधला पत्ता, टाकतात, विंडोज नव्यानं टाकतात. त्याआधी फक्त दिवे पाहा.

फायबरच्या डब्यावर 'लॉस' लिहिलेला दिवा लाल असेल तर बिघाड फायबरच्या लाइनचा आहे. घरातली लॅनची वायर कितीही तपासली तरी उपयोग नाही, कंपनीला कळवा. तो लाल नसेल तर लॅनची वायर जिथे खोचली आहे त्या पोर्टचा दिवा पाहा, आणि कॉम्प्युटरच्या पोर्टचाही. दोन्हीकडे अंधार असेल तर वायर, कनेक्टर किंवा पोर्ट यांपैकी काहीतरी गेलं आहे. क्वचित कॉम्प्युटरमध्ये नेटवर्क कार्डच बंद करून ठेवलेलं असतं, तेवढं पाहून घ्या. मग कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप उचलून डब्याजवळ न्या आणि हातभर लांबीच्या चांगल्या वायरीनं जोडा. तिथे चाललं तर दोष लांबच्या वायरीत. नाही चाललं तर डब्याचं दुसरं पोर्ट वापरून पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. वायरही बदलली, पोर्टही बदललं, सेटिंगही बदलली आणि नेट आलं, तर नेमकं काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही.

दिवा लागतो पण नेट नाही, अशा वेळी कमांडची काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' चालवा. आयपी १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला डब्याकडून पत्ता मिळालेलाच नाही. पत्ता बरोबर असेल, तर तिथेच 'डिफॉल्ट गेटवे' समोर डब्याचा पत्ता दिसतो, बहुतेक ठिकाणी १९२.१६८ नं सुरू होणारा. त्याला पिंग करा, म्हणजे डबा उत्तर देतो का ते पाहा. पिंगच्या कमांडपुढे डॅश टी लावला की थांबवेपर्यंत ती चालत राहते. ती चालू असताना कनेक्टरजवळ वायर हलक्या हातानं हलवा. उत्तरं तुटू लागली की दुखणं तिथेच आहे. मधेच जाणारं, मधेच येणारं नेट मी याच पद्धतीनं शोधतो.

आणि कनेक्टरचा प्लॅस्टिकचा खटका तुटला असेल तर कागदाची घडी खोचून, चिकटपट्टी लावून दिवस काढू नका. नवा कनेक्टर पाच-दहा रुपयांत येतो.

रंग 'दोन्हीकडे सारखे' असणं पुरेसं नाही

यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ही चूक मी स्वतः केली आणि तिच्यापायी एका शेतकऱ्याच्या घरी तीन खेपा झाल्या.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडीला पीळ दिलेला. सुरुवातीला मला कोणी सांगितलं होतं की रंग कुठलेही लाव, फक्त दोन्ही टोकांना सारखे लाव. म्हणून मी सरळ जोडीनं लावत गेलो: नारंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. टेस्टर लावला, आठही दिवे एकापाठोपाठ लागले. पण त्या घरात समोरून गोठ्याशेजारच्या खोलीपर्यंत चाळीसेक मीटर वायर होती आणि नेट सारखं तुटायचं. डबा बदलला, वायर बदलली, रंग तसेच लावले, तोच त्रास.

कारण असं आहे. डेटा पाठवताना १ आणि २ नंबरची पिन एक जोडी म्हणून काम करते, ३ आणि ६ दुसरी जोडी, ४ आणि ५ तिसरी, ७ आणि ८ चौथी. एका जोडीतल्या दोन्ही तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात म्हणूनच बाहेरचा गोंधळ त्यांच्यात शिरला तरी निभावतो. मी सरळ ओळीनं लावल्यामुळे ३ नंबरला हिरव्या जोडीतली तार आली आणि ६ नंबरला निळ्या जोडीतली. पीळ वेगळा, जोडी वेगळी. साधा टेस्टर फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे की नाही एवढंच सांगतो, पीळ बरोबर जोडीत आहे का हे त्याला कळत नाही. हातभर वायरीत हे खपून जातं, लांब वायरीत नाही.

ओळ अशी लावा. कनेक्टरचा खटका खाली, पिना वर, डावीकडून: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसते, ती चूक नाही, तसंच हवं. पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उसवू नका. आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत जाऊन दाबलं गेलं पाहिजे. नुसत्या बारीक तारांवर लटकलेला कनेक्टर पहिल्याच ओढीला सैल होतो.

याच जोड्यांमुळे आणखी एक गोष्ट ओळखता येते. प्लॅन २०० एमबीपीएसचा, आणि वायरनं जोडलेल्या कॉम्प्युटरवर स्पीड ९४-९५ च्या पुढे जातच नाही, अशी तक्रार घेऊन लोक कंपनीशी भांडतात. १०० च्या स्पीडला दोनच जोड्या लागतात, १००० ला चारही. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार जरी तुटली तरी जोडणी १०० वर घसरून चालू राहते, नेट बंद पडत नाही म्हणून कोणाला संशयही येत नाही. कॉम्प्युटरचं किंवा डब्याचं पोर्टच १०० चं असेल तर ते आधी पाहून घ्या. नाहीतर दोन्ही टोकं नव्यानं दाबा.

कुलर आणि एकच एक्स्टेंशन बोर्ड

आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की कुलर रात्रंदिवस चालतो आणि डब्याचा अडॅप्टर त्याच बोर्डावर असतो. कुलरची मोटर सुरू होताना गावातला आधीच कमी असलेला विजेचा दाब आणखी पडतो, डबा रीस्टार्ट होतो, आणि दोन-तीन मिनिटं नेट जातं. लोक वायर तपासत बसतात. डब्याला वेगळा प्लग द्या, जमलं तर इन्व्हर्टरवर घ्या. अडॅप्टर बदलायचा झाला तर जुन्यावर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून तसाच आणा. पिन बसली म्हणजे चालेल असं नसतं.

लॅनची वायर विजेच्या वायरीसोबत एकाच पट्टीतून ओढू नका. वीतभर अंतर ठेवा, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा.

वायर कुठून जाते ते वर्षभराचा विचार करून ठरवा

दिवाळीनंतर खोलीत कापूस भरला जातो, सोयाबीनचे कट्टे थप्पीला लागतात. उन्हाळ्यात भिंतीच्या कडेनं टाकलेली वायर त्या थप्पीखाली दबते आणि कट्ट्यांमागे उंदीर येतात. मग वायर कुठे कुरतडली ते पाहायला अख्खी थप्पी हलवावी लागते. वायर दाराच्या उंचीवरून पाइपमधून न्या.

टिनाखालून किंवा कवेलूवरून आतली राखाडी वायर नेऊ नका. एक-दोन उन्हाळ्यांत तिचं आवरण तडकतं, आणि पहिल्या पावसात पाणी आत. बाहेरसाठी काळ्या आवरणाची वेगळी वायर मिळते. घेताना शुद्ध तांब्याची मागा. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर स्वस्त पडते, पण दोनदा वाकवली की आत तुटते. ब्लेडनं तार खरवडून पाहा, आत पांढरं दिसलं तर परत करा.

दोन घरांमधली वायर आणि जूनमधली वीज

भावाच्या घरी नेट न्यायचं म्हणून अंगणावरून किंवा रस्त्यावरून तांब्याची लॅन वायर टांगलेली मी अनेक गावांत पाहतो. कृपा करून हे करू नका. मृगाच्या आधीच्या वादळात जवळपास कुठे वीज पडली तरी अशा लांब वायरीत दाब तयार होतो, आणि दोन्हीकडची पोर्टं, कधी कॉम्प्युटरचा बोर्डही जातो. दोन घरांचं अर्थिंग वेगळं असतं, त्यामुळेही त्या वायरीतून नको तो प्रवाह फिरू शकतो. दोन घरांमध्ये फायबर टाका आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि लॅनची वायर जोडणारी छोटी पेटी, लावा. काचेतून वीज वाहत नाही. फायबरसोबत आधाराची लोखंडी तार असेल तर ती बाहेरच बांधून कापा, घरात आणू नका.

आभाळ गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. अडॅप्टरही काढा आणि लॅनची वायरही काढा. पण वेळेवर. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर ठेवा, ते आसपासच्या विजेची सूचना देतं. वीज डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावू नका, यंत्र गेलं तरी चालेल. आणि एका पोर्टचा दिवा कायमचा गेला असेल तर बाकीची पोर्टं तपासा, कित्येकदा एकच जळलेलं असतं.

दुसरा डबा जोडताना

काकाजींच्या मुलीनं शेवटी विचारलं, "दादा, मग हा नवा डबा वायाच गेला का?" वाया गेला नाही. मागच्या खोलीत दुसरा कॉम्प्युटर जोडायचाच होता. पण असा दुसरा डबा सरळ खोचला की घरात पत्ते वाटणारे दोन होतात आणि कुठला कॉम्प्युटर कोणाचा पत्ता घेईल याचा नेम राहत नाही. म्हणून आधी त्या डब्यातलं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटण्याची सोय, बंद केलं, त्याचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, कारण पहिला डबा १९२.१६८.१.१ वर होता, आणि समोरून आलेली वायर त्याच्या वॅनच्या, म्हणजे बाहेरून नेट घेण्याच्या, वेगळ्या रंगाच्या पोर्टात न घालता लॅनच्या पोर्टात घातली. एक मोकळी वायर तिथे पडली होती, ती उचलून ठेवायला सांगितली. तिची दोन्ही टोकं कोणी एकाच डब्यात खोचली तर सगळे दिवे एकदम फडफडू लागतात आणि घरभर नेट बसतं.

मुलीनं दोन्ही वायरींच्या टोकांना पांढरी पट्टी चिकटवली आणि पेनानं लिहिलं: 'समोरची खोली', 'माझा कॉम्प्युटर'.